गल्ल्या वाकड्या, नियम पक्के

मध्ययुगीन इस्लामी शहरांवर एक ठरीव शेरा मारला जातो: वाकड्या गल्ल्या, बंद बोळ, वाटेल तशी दाटी, या धर्माने मशिदी बांधल्या, नगररचना मात्र त्याला जमली नाही. विसाव्या शतकात जाँ सोव्हाजेसारख्या व्यासंगी फ्रेंच अभ्यासकालाही अलेप्पो आणि दमास्कसमध्ये रोमन शिस्तीची मोडतोडच दिसली.

आखणी या संस्कृतीला ठाऊक नव्हती म्हणावे, तर ७६२ साली खलिफा अल्-मन्सूरने वसवलेले बगदाद आडवे येते. ते चक्क वर्तुळाकार होते. चार वेशी आणि मध्यभागी राजवाडा व जामा मशीद. अरुंद गल्ल्यांचे खापरही धर्मावर फोडता येत नाही. पश्चिम आशियात उंटाने चाकाच्या गाडीला इस्लामच्या उदयाआधीच मागे सारले होते, हे इतिहासकार रिचर्ड बुलिएट यांनी दाखवले आहे. गाडीच नाही, तर रुंद सरळ रस्ता हवा कोणाला?

मग धर्माने केले काय? त्याने शेजाऱ्यांचे हक्क ठरवले. कोणी कोणाचे नुकसान करू नये, या पैगंबरवचनावर काझींनी बांधकामाचा कायदा उभारला. चौदाव्या शतकातला ट्यूनिसचा इब्न अल्-रामी पेशाने गवंडी. अशा तंट्यांत काझी त्याचे मत घेत. शेजारच्या अंगणात डोकावणारी खिडकी, हमामाचा धूर, जात्याच्या हादऱ्याने हलणारी भिंत या साऱ्यांचे निवाडे त्याच्या ग्रंथात आहेत. बंद बोळ तिथे दारे असणाऱ्यांचा सामाईक. नवे दार काढायचे तर त्यांची संमती हवी.

उपासनेची दिशाही रस्त्याशी जुळवून घेई. कैरोतील ११२५ सालच्या अल्-अक्मर मशिदीची दर्शनी भिंत रस्त्याला धरून आहे, आतले दालन मक्केकडे वळलेले. दोहोंतला तिरकेपणा भिंतीच्या वाढत्या जाडीत मुरवला आहे. याच रस्त्यावर सुलतान कलावूनने १२८४-८५ मध्ये रुग्णालय, मदरसा आणि मकबरा बांधला. त्यांचा खर्च वक्फ मिळकतींच्या उत्पन्नातून भागे. धर्मादायामुळे अशा संस्था शहराच्या ऐन वर्दळीत टिकल्या.

हे नियम अनेकदा सार्वजनिक रस्त्यापेक्षा घरमालकाला झुकते माप देत, हे खरे. जाणाऱ्या-येणाऱ्याला अडथळा होत नसेल तर पुढे आलेला सज्जा चालवून घेतला जाई आणि रस्ता आकसे. हा दोष मान्यच करावा. पण तो नियमांच्या कलाचा दोष आहे. त्याला नियमांचा अभाव म्हणणे हा निव्वळ अन्याय.