सोबतीने सोडलेली दारू

तळोदा तालुक्यातल्या मोरवडचे गुलाम महाराज हे भिल्ल समाजातले. 1930च्या दशकात त्यांच्या आरतीला सातपुड्याच्या पायथ्याची गावंच्या गावं लोटू लागली. त्यांचं सांगणं थोडकं होतं: दारू सोडा, रोज आंघोळ करा, लहानथोर प्रत्येकाला ‘आप’ म्हणा. 1938 साली ते गेले, पण त्यांचे बंधू रामदास महाराजांनी काम पुढे नेलं.

स्वतःतली उणीव आपण बहुतेक वेळा लपवून, एकट्याने झुंजून घालवायला बघतो आणि चार दिवसांत थकतो. मोरवडला हजारो माणसांनी चारचौघांत दारू सोडली. मला यातलं हे उघडेपण फार मोलाचं वाटतं. शेजाऱ्यानेही सोडलेली असली की संध्याकाळी पाय गुत्त्याकडे वळणं अवघड होतं.

मात्र सगळा भार माणसाच्या निर्धारावर टाकणं अन्यायाचं आहे. जमीन सावकाराकडे गेलेली आणि गावात दारूचा धंदा जोरात, अशा ठिकाणी निर्धार किती टिकणार? म्हणूनच 1972च्या सुमारास आदिवासी नेते अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटनेच्या चळवळीत शेजारच्या शहादा तालुक्यातल्या आदिवासी बायका पुढे झाल्या. जमिनीच्या लढ्यासोबतच त्यांनी गावोगावचे दारूचे गुत्ते गाठले, मडकी फोडली, मारकुट्या नवऱ्यांना जाब विचारला.

वाचकहो, तुम्ही कोणती सवय सोडू पाहताय आणि तुमच्यासोबत कोण आहे, हे आम्हाला जरूर कळवा.