उत्तर मुंबईने न दिलेले उत्तर

फेब्रुवारी १९६२. मुंबईच्या उपनगरांत दोन म्हातारे एकमेकांसमोर उभे ठाकले होते. एक पासष्टीचे, हातात काठी, दिवसभर चहावर जगणारे, जिभेला धार असलेले संरक्षणमंत्री व्ही. के. कृष्ण मेनन. दुसरे त्र्याहत्तरीचे, एकेकाळचे काँग्रेसचे अध्यक्ष आणि गांधीजींचे चंपारणपासूनचे सहकारी आचार्य कृपलानी. बिहारमधला सीतामढीचा हातचा मतदारसंघ सोडून ते मुद्दाम मेनन यांना पाडायला आले होते. देशाच्या संरक्षणावर थेट मतदाराच्या दारात वाद झाल्याची इतकी ठळक दुसरी निवडणूक स्वतंत्र भारतात सापडणे कठीण. म्हणूनच, सीमेवर धूर आणि गावात प्रचार असा योग जुळला की ‘आता युद्धावर प्रश्न विचारू नका’ आणि ‘आताच विचारा’ हे दोन्ही सूर ऐकताना उत्तर मुंबईची ती लढत पुन्हा उघडून पाहावी लागते.

प्रचार सुरू झाला तो गोव्याच्या गुलालात. १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय सैन्य गोव्यात शिरले आणि दुसऱ्या दिवशी रात्री पोर्तुगीज गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वा यांनी शरणागतीवर सही केली. शेवटच्या माणसापर्यंत लढा, असे सालाझारने लिस्बनहून बजावले होते. सिल्वा यांनी ते ऐकले नाही, माणसे वाचवली आणि मायदेशी परतल्यावर त्याची शिक्षा भोगली. भारताचे २२ जवान कामी आले, त्यातले सात नौसैनिक एकट्या अंजदीव बेटावर. न्यूयॉर्कमध्ये सुरक्षा परिषदेत अमेरिकेचे अॅडलाय स्टीव्हन्सन यांनी भारताला धारेवर धरले, ठरावाला सात मते पडली आणि सोव्हिएत संघाच्या नकाराधिकाराने भारत सुटला. घरातही एक ज्येष्ठ आवाज विरोधात होता. बळाच्या वापराविरुद्ध बोलण्याचा नैतिक अधिकार आता भारताने गमावला, असे राजाजींनी स्पष्ट सांगितले.

महाराष्ट्राला मात्र हा वाद परका वाटला आणि ते साहजिकच होते. १९५५ मध्ये नानासाहेब गोरे, सेनापती बापट, मधु लिमये यांच्यासारखी माणसे निःशस्त्र गोव्यात शिरली, मार खाऊन तुरुंगात गेली. त्याच वर्षी १५ ऑगस्टला सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या. तेव्हा दिल्लीने सैन्य पाठवायचे नाकारले होते. त्यामुळे १९६१ ची कारवाई इथल्या माणसाच्या लेखी आक्रमण नव्हतीच. उशिरा आलेला न्याय होता. पण सहा वर्षे थांबलेला न्याय मतदानाच्या दोन महिने आधीच कसा धावून आला, हा प्रश्नही तेवढाच रास्त होता. सरकारची बाजू होती. नोव्हेंबरात अंजदीववरून भारतीय बोटींवर गोळीबार झाला होता, एक मच्छीमार मेला होता. आफ्रिकेतील स्वातंत्र्यवादी नेते नेहरूंना टोचून विचारत होते की पोर्तुगालला पहिला धक्का तुम्ही का देत नाही? ही कारणे खरी होती. मुहूर्त सोयीचा होता, हेही खरे. कारवाई न्याय्य असली म्हणून तिची वेळ राजकीय नसते असे नाही, आणि वेळ राजकीय असली म्हणून कारवाई अन्याय्य ठरत नाही. निवडणुकीच्या सभेत मात्र या दोन वाक्यांपैकी एकच बोलायची सोय असते.

खरे प्रकरण वेगळेच होते. अक्साई चीनमधून चीनने रस्ता काढल्याला चार वर्षे उलटली होती. १९५९ च्या ऑगस्टमध्ये लोंगजू आणि ऑक्टोबरमध्ये कोंगका खिंड येथे रक्त सांडले होते. त्याच वर्षी लष्करप्रमुख थिमय्या यांनी मेनन यांच्या कारभाराला कंटाळून राजीनामा दिला, नेहरूंनी तो मागे घ्यायला लावला आणि नंतर संसदेत थिमय्यांनाच चार शब्द सुनावले. एप्रिल १९६१ मध्ये कृपलानींनी लोकसभेत मेनन यांच्यावर तोफ डागली. गरीब देशाचा पैसा उधळला, सैन्यात गटबाजी माजवली, चीनकडे दुर्लक्ष केले, असा त्या आरोपांचा रोख होता. हत्यारांच्या कारखान्यांत कॉफीची यंत्रे बनतात, अशी चेष्टा तर सगळीकडे चालू होती. आरोप करणाऱ्यांचेही पाय मातीचेच होते, हे इथे नोंदवले पाहिजे. अहिंसेच्या देशात लष्करावरचा खर्च वाढतोच कसा, असे काही वर्षांपूर्वी संसदेत विचारणारे कृपलानीच होते. आणि मेनन नुसते बोलघेवडे नव्हते. शक्तिमान ट्रक, आवडीचा रणगाडा कारखाना, मिग विमानांचा सोव्हिएत करार या गोष्टींवर त्यांचा ठसा आहे. त्यांनी मागितलेल्या पैशाला अर्थमंत्री मोरारजी देसाई कात्री लावत, हीसुद्धा वस्तुस्थिती होती.

म्हणजे मतदारासमोर ठेवण्याजोगा मालमसाला भरपूर होता. हिमालयातल्या चौक्यांपर्यंत रस्ते किती झाले? रसद कशी पोचते? नोव्हेंबर १९६१ मध्ये सरकारने चौक्या आणखी पुढे न्यायचे ठरवले, त्यांच्या पाठीशी तोफा कुठे आहेत? यातले प्रत्यक्ष सभांमध्ये किती आले? कृपलानींच्या मागे प्रजासमाजवादी, स्वतंत्र आणि जनसंघ अशी विळ्या-भोपळ्याची मोट होती. तिला एकत्र बांधणारा धागा मेनन हे कम्युनिस्ट आहेत एवढाच. मेनन यांच्या मागे कम्युनिस्ट उभे राहिलेच. नेहरूंच्या शब्दाखातर दिलीपकुमार प्रचाराला उतरला, आणि तो व्यासपीठावर असताना रसदीच्या तक्त्यांत कुणाला रस असणार? स्वतः नेहरूंनी सूर असा लावला की मेनन यांचा पराभव म्हणजे आपल्या धोरणाचा पराभव. तिथेच निवडणुकीचा निकाल लागला. प्रश्न सैन्याच्या तयारीचा होता, मत मात्र नेहरूंवर मागितले गेले. नेहरूंना नाही म्हणण्याची त्या काळी कुणाची छाती होती? मेनन यांना कृपलानींच्या जवळजवळ दुप्पट मते पडली, फरक दीड लाखाच्या आसपास. संरक्षण खात्याला जनतेचे प्रमाणपत्र मिळाले, असा अर्थ काँग्रेसने काढला.

प्रमाणपत्र आठ महिने टिकले. २० ऑक्टोबर १९६२ च्या पहाटे नामका चू या ओढ्याच्या काठी चिनी तोफा सुरू झाल्या तेव्हा तिथल्या जवानांच्या अंगावर सुती गणवेश होते, जवळ मोजकी काडतुसे आणि एखादी घोंगडी. त्या सातव्या ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर जॉन परशुराम दळवी दोनच दिवसांत चिन्यांच्या हाती लागले. कैदेतून सुटल्यावर त्यांनी लिहिलेले ‘हिमालयन ब्लंडर’ हे पुस्तक म्हणजे उत्तर मुंबईच्या सभांमध्ये ज्याचा हिशेब मागायचा राहिला त्याची यादीच. ७ नोव्हेंबरला मेनन मंत्रिमंडळाबाहेर गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असे आपण अभिमानाने म्हणतो. मेनन यांच्या जागी यशवंतराव चव्हाणांना दिल्लीला का धावावे लागले, हे त्या अभिमानात थोडे बाजूला पडते.

मतदारांनी मेनन यांना पुढे हिशेब विचारला, असे सांगायला बरे वाटले असते. पण १९६७ ची गोष्ट त्याहून विचित्र आहे. काँग्रेसने मेनन यांना मुंबईत तिकीट नाकारले ते नामका चूमुळे नव्हे, तर ते महाराष्ट्राबाहेरचे आहेत या कारणाने. ते अपक्ष उभे राहिले. समोर काँग्रेसचे स. गो. बर्वे, पानशेतच्या पुरानंतर पुणे सावरणारे कर्तबगार अधिकारी. पाठीशी नुकतीच जन्मलेली शिवसेना. मेनन हरले. निकालानंतर काही दिवसांतच बर्वे गेले, पोटनिवडणुकीत त्यांच्या भगिनी तारा सप्रे यांनी मेनन यांना पुन्हा हरवले. दोन्ही वेळा चर्चा होती मराठी आणि मद्रासी यांची. पाच वर्षांपूर्वी ज्याच्यावर विश्वास टाकला त्या माणसाला घरी बसवताना युद्धाचा विषय निघालाच नाही म्हटले तरी चालेल. पहिल्यांदा नेहरूंनी प्रश्न झाकला, दुसऱ्यांदा भाषेने.

उत्तर मतपेटीत नाही सापडले, तर कागदात तरी सापडावे. नवे लष्करप्रमुख जे. एन. चौधरी यांनी पराभवाची चौकशी करायला लावली. गोव्याच्या मोहिमेची धुरा ज्यांच्याकडे होती तेच हे चौधरी. लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी ब्रिगेडियर प्रेम भगत यांनी अहवाल लिहिला. सप्टेंबर १९६३ मध्ये यशवंतरावांनी संसदेला त्याचा सारांश तेवढा सांगितला. पुढच्या प्रत्येक सरकारने तो कपाटात ठेवला. मार्च २०१४ मध्ये, ऐन लोकसभेच्या प्रचारात, पत्रकार नेव्हिल मॅक्सवेल यांनी त्याचा एक भाग उघड केला. विरोधी बाकांवरचे अरुण जेटली तेव्हा अहवाल दडवून ठेवण्यावर सडकून टीका करत होते. मे महिन्यात सरकार बदलले, जेटली संरक्षणमंत्री झाले आणि जुलैत त्यांनीच राज्यसभेला कळवले की अहवाल जाहीर करणे देशहिताचे नाही. खुर्ची बदलली की देशहित बदलते, हा अनुभव काँग्रेसने दिला तसाच भाजपनेही.

अटलबिहारी वाजपेयींची कथाही अशीच दोन टोकांची. १९६२ चे युद्ध चालू असताना राज्यसभेतल्या या तरुण खासदाराने संसद ताबडतोब बोलवा अशी मागणी केली. नेहरूंनी ती मान्य केली, अधिवेशन ८ नोव्हेंबरला सुरू झाले आणि सीमेवर सैन्य मागे हटत असताना शंभराहून अधिक सदस्य सरकारवर बोलले. त्या चर्चेने पराभव वाढला असे कुणी म्हणत नाही. १९९९ मध्ये कारगिल पेटले तेव्हा लोकसभा विसर्जित झालेली, एका मताने पडलेले वाजपेयी काळजीवाहू पंतप्रधान. राज्यसभेचे खास अधिवेशन बोलवा, ही विरोधकांची मागणी त्यांच्या सरकारने फेटाळली. नंतर मात्र त्यांनी जे केले ते आधीच्या कुणी केले नव्हते. युद्ध संपल्यावर तीन दिवसांत के. सुब्रह्मण्यम यांची समिती नेमली आणि फेब्रुवारी २००० मध्ये तिचा अहवाल, काही भाग वगळून का होईना, संसदेत ठेवला. मतदान मात्र सप्टेंबर-ऑक्टोबरातच उरकले होते. टायगर हिलचे श्रेय मतपेटीत आधी पडले आणि घुसखोरी कळली कशी नाही याचे उत्तर मागाहून आले.

२०१९ मध्ये तर प्रश्न-उत्तराचे सोंगही उरले नाही. लातूर जिल्ह्यातील औसा येथे ९ एप्रिलला पंतप्रधानांनी पहिल्यांदा मत देणाऱ्या तरुणांना आवाहन केले की आपले मत पुलवामाच्या शहिदांना आणि बालाकोटच्या वीरांना अर्पण करा. निवडणूक आयोगाने आधीच पक्षांना बजावले होते की जवानांची छायाचित्रे प्रचारात वापरू नका. तरीही औशाचे भाषण आयोगाने बहुमताने निर्दोष ठरवले. आयुक्त अशोक लवासा यांचे मत वेगळे होते. पुलवामाला इतकी स्फोटके पोचली कशी, हे विचारणाऱ्याला मात्र देशद्रोही ठरवायची घाई झाली. मे २०२५ च्या ऑपरेशन सिंदूरनंतरही विरोधकांनी मागितलेले खास अधिवेशन झाले नाही. संसदेत चर्चा व्हायला जुलै उजाडला.

म्हणून प्रचारात युद्धावर बोलू नका, हा उपदेश निरर्थक आहे. नेते बोलणारच, आणि बोलावेच. पण मोठ्या लष्करी कारवाईनंतर ठरलेल्या मुदतीत स्वतंत्र समिती, तिच्या अहवालाचा उघडता येईल तेवढा भाग सभागृहात आणि जुन्या कागदांना बंधनकारक कालमर्यादा, एवढे कायद्याने ठरले तर पुढच्या कृपलानीला कॉफीच्या यंत्रांवर वेळ घालवावा लागणार नाही आणि पुढच्या मेननला कुणाच्या प्रतिमेआड लपता येणार नाही. सुरुवात करायला हेंडरसन ब्रुक्स अहवालाचा कागद तयार आहे. उत्तर मुंबईत फेब्रुवारी १९६२ मध्ये पहिल्यांदा मत दिलेला एकवीस वर्षांचा तरुण आज पंच्याऐंशीच्या घरात असेल. आपण ज्याला निवडून दिले त्याच्या खात्याचे पुढे काय झाले, याचा सरकारी अहवाल अजून त्याला वाचायला मिळालेला नाही.