कुंपण विकत कशाला? करवंद लावा!



वैशाखात मोखाड्याच्या सूर्यमाळला जाऊन पाहा. पावसाळाभर धो धो पाऊस झेललेला हा डोंगर तेव्हा कोरडा ठाक असतो. बाया हंडाभर पाण्यासाठी पायपीट करतात. आणि त्याच मुरमात करवंदाच्या जाळ्या हिरव्यागार, फळांनी लगडलेल्या! त्यांना ना कोणी पाणी घालत, ना खत. आदिवासी बाया काट्यांत हात घालून करवंदे तोडतात, पानाच्या द्रोणात भरून विकतात. पण जाळी रानातली. वणवा लागला की हंगाम बुडाला.

म्हणून आम्ही म्हणतो, जाळी रानातून परसात आणा. सूर्यमाळच्या परसात आणा, तशी कापूस-ज्वारी पिकवणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या परसातही. आपण दरसाल बाभळीचे काटे तोडून कुंपण घालतो, नाहीतर उधारीवर तार आणतो. करवंदाला उधारी लागत नाही.

रीत सोपी आहे. पिकलेल्या फळांचे बी काढा, धुऊन सावलीत सुकवा आणि लगेच पिशवीत पेरा. बी जुने झाले की उगवत नाही. बहुतेकांची फसगत इथेच होते. रोपे वर्षभर सांभाळा, पुढच्या पावसाळ्यात दोन-दोन फुटांवर लावा. पहिला उन्हाळा सांडपाण्यावर काढा. काळ्या जमिनीत पाणी साचते, तिथे बांधाच्या उंचवट्यावरच लावा. साधारण तिसऱ्या वर्षापासून फळ दिसू लागते. बियांच्या झाडांची फळे सारखी निघत नाहीत. फळासाठीच लावायचे तर चांगल्या झाडाची पावसाळ्यात गुटी बांधा. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण बोल्ड’ ही मोठ्या फळाची जात दिली आहे.

आम्हीही शेतीची पदवी घेतली, गावोगाव आंब्याची कलमे सांगितली. करवंद मात्र रानटी म्हणून सोडून दिले. ती चूक आमची.

करवंदाने कर्ज फिटणार नाही. कापसाच्या भावाची लढाई लढावीच लागेल. पण लढणाऱ्याच्या घरी चार पैशांचा खर्च वाचला, पोरांच्या ताटात लोणचे आले, तर लढाई लांबवण्याची ताकद येते.

ज्येष्ठातल्या बैठकीला येताना पिकली करवंदे आणा. सगळे मिळून खाऊ. बी मात्र थुंकू नका, गावी नेऊन पेरा.