सोनोग्राफी नॉर्मल आहे, मग उलटी का होते?



वस्तीत आरोग्य शिबिर लावले की कितीतरी बायांच्या पिशवीतून ॲसिडिटीच्या कॅप्सूलचे पाकीट निघते. ‘गॅस आहे’ म्हटले की विषय संपला. आमचे म्हणणे असे की, निदान डायबेटिसच्या रुग्णाबाबत तरी तो तिथे संपू नये.

जुना डायबेटिस असला आणि साखर ताब्यात नसली की पायाच्या नसा बधिर होतात, हे आता आपल्याकडे बहुतेकांना माहीत आहे. जठराला चालवणारी व्हेगस नावाची नसही तशीच दुबळी होऊ शकते. मग जठर अन्न पुढे ढकलेनासे होते. याला गॅस्ट्रोपॅरेसिस म्हणतात. चार घासांत पोट तट्ट भरते, सकाळची भाजी संध्याकाळच्या उलटीत दिसते. सगळ्यात धोका इन्सुलिन घेणाऱ्यांना. सुई टोचली, जेवण झाले, पण अन्न जठरातच पडून राहिले, तर रक्तात साखर येणार कुठून? घाम फुटतो, हातपाय थरथरतात, बाई पडते. काही तासांनी अन्न खाली उतरते आणि साखर एकदम चढते. घरचे म्हणतात, चोरून गोड खाते. शेजारीण म्हणते, बाहेरचे आहे, बाबाकडे न्या. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतही आम्ही हे ऐकले आहे, म्हणून लिहावे लागते.

अशा एका ताईंची फाइल आम्ही पाहिली. तीन सोनोग्राफ्या, तिन्ही नॉर्मल, आणि शेवटच्या कागदावर शेरा : ‘मानसिक’. नेहमीची सोनोग्राफी खडा, सूज, अवयवाचा आकार दाखवते. जठर किती वेळात रिकामे होते, हे तीत मोजत नाहीत. पंख्याचा फोटो काढून तो फिरतो की नाही हे कळेल का? धम्म एहिपस्सिको आहे, या आणि पाहा. मग या बाईच्या पोटात न पाहताच निकाल कसा दिला?

पाहण्याची सोय आहे. १९६६ मध्ये ब्रिटनमधल्या कार्डिफच्या डॉक्टरांनी नाश्त्यात किंचित किरणोत्सारी पदार्थ मिसळून तो जठरातून कसा सरकतो हे मोजले. आजची तपासणी त्याच वाटेची. टेक्नेशियम मिसळलेले अंड्याचे पांढरे आणि पाव खायला देतात, आपल्या देशात काही ठिकाणी इडली. मग गॅमा कॅमेऱ्यापुढे लगेच, एक, दोन आणि चार तासांनी चित्रे घेतात. चार तासांनी १० टक्क्यांपेक्षा जास्त अन्न जठरात उरले असेल तर जठर मंद आहे. हा कॅन्सरचा शेक नव्हे. कॅमेरा किरण सोडत नाही, फक्त टिपतो, आणि टेक्नेशियमचा जोर दर सहा तासांनी निम्मा होतो. मात्र गरोदर बाईची ही तपासणी करत नाहीत, आणि अंगावर पाजत असाल तर आधी सांगा.

आमची तक्रार अर्ध्या तपासणीबद्दल आहे. काही ठिकाणी दीड-दोन तासांतच उरकतात. त्यात मंद जठरही नॉर्मल ठरू शकते, आणि रोजंदारी बुडवून, पैसे मोजून आलेली बाई पुन्हा ‘मानसिक’च्या रकान्यात जाते. चार तासांची आहे का, हे आधी विचारा. उपाशीपोटी जायचे असते. डॉमपेरिडोनसारख्या गोळ्या दोन-तीन दिवस आधी बंद ठेवाव्या लागतात, पण डॉक्टरांना विचारूनच. त्या सकाळच्या इन्सुलिनचेही तसेच. साखर २७५ च्या वर असेल तर तपासणी पुढे ढकलतात, कारण चढलेली साखरच जठर मंद करते. विडी-सिगारेट नको. मशेरी लावणाऱ्या बायांनी तसे सांगावे, लाजू नये.

उठसूट प्रत्येकाने ही तपासणी करावी असे मात्र नाही. आधी एंडोस्कोपी, म्हणजे वाटेत अडथळा नाही हे कळते. रक्ताची उलटी किंवा काळी शौच झाली तर वाट न पाहता दवाखाना गाठा. वजन घटत असेल तरी दिवस काढू नका.

निदान झाले की काय बदलते? ताटच बदलते. डायबेटिस आहे म्हणून कच्ची काकडी, मोड आलेली मटकी खा, असे आपण सगळ्यांनाच सांगतो. मंद जठराला तेच जड जाते. थोडे थोडे, मऊ, कमी तेलाचे, पाच-सहा वेळा खावे लागते. इन्सुलिनची वेळ डॉक्टर बदलून देतात. मेटोक्लोप्रामाइडची गोळी मेडिकलवरून परस्पर घेत राहू नका. ती बारा आठवड्यांहून जास्त चालली तर जिभेच्या, तोंडाच्या आपोआप हालचाली जडू शकतात, आणि काहींच्या कायमच्या राहतात.

ही तपासणी न्यूक्लिअर मेडिसिन विभागात होते. परळला अणुऊर्जा खात्याचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून आहे, म्हणजे हे शास्त्र आपल्या राज्याला नवे नाही. तरीही जिल्हा रुग्णालयातल्या बाईला त्यासाठी मोठे शहर गाठावे लागते. प्रत्येक सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात हा विभाग असावा, ही मागणी आपल्या संघटनांनी निवेदनात घातली पाहिजे. तोवर सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षकांना भेटा. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणे बंधनकारक आहे, तिथे या तपासणीला काय सूट मिळते ते विचारा. रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला आणि जुने सगळे रिपोर्ट सोबत न्या, आणि उलटी कधी झाली, त्याआधी काय व केव्हा खाल्ले होते, हे आठवडाभर वहीत लिहून तीही न्या.