पडद्यावर हुतात्मा, गावी हयात

स्वातंत्र्यदिन वा प्रजासत्ताकदिन जवळ आला की जे. पी. दत्ता यांचा ‘बॉर्डर’ (१९९७) दूरचित्रवाणीवर हमखास झळकतो आणि घरोघरी डोळे पाणावतात. त्या अश्रूंविषयी आमची तक्रार नाही. परंतु ज्या पराक्रमापोटी ते येतात, तो पडद्यावर कितपत खरा उतरला, हे पाहणे अगत्याचे आहे.

४ डिसेंबर १९७१ च्या रात्री राजस्थानातील लोंगेवाला ठाण्यावर मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या सुमारे १२० जवानांनी पाकिस्तानी रणगाडे पहाटेपर्यंत थोपवून धरले. काटेरी तारा दिसताच पुढे सुरुंग असावेत या शंकेने शत्रू खोळंबला. उजाडताच जैसलमेरहून आलेल्या हवाई दलाच्या हंटर विमानांनी उघड्या वाळवंटात त्याची दाणादाण उडविली. या झुंजीत आपले अवघे दोन जवान कामी आले. चित्रपटात मात्र एकामागून एक वीर धारातीर्थी पडतात. सीमा सुरक्षा दलाचे भैरोसिंग राठोड हे त्यांपैकीच एक. वास्तवातले भैरोसिंग लढाईतून जिवंत परतले, सेना पदकाचे मानकरी ठरले आणि १९ डिसेंबर २०२२ रोजी जोधपूर येथे निवर्तले. ज्यांच्या मरणावर प्रेक्षक हळहळले, ते त्यानंतर पंचवीस वर्षे हयात होते!

चित्रपटाला नाट्य हवे, हे आम्ही जाणतो. पण येथे नाट्यासाठी पराक्रमाचाच बळी गेला. प्रबळ शत्रूला रोखूनही केवळ दोघे पडले, यातच त्या तुकडीचे धैर्य, शिस्त आणि नेतृत्व दिसते. मृतांची संख्या वाढविली की शौर्य वाढत नाही. उलट कौशल्य झाकले जाते.

नाना पाटेकर यांच्या ‘प्रहार’मध्येही (१९९१) अतिशयोक्ती आहेच. तथापि त्यासाठी नानांनी स्वतः लष्करी प्रशिक्षण घेतले होते, आणि सैनिक घडतो तो रोजच्या दमछाकीतून, हे त्या चित्रपटाने दाखविले. बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्री केंद्राच्या आसपास राहणाऱ्यांना हे वेगळे सांगावयास नको.

प्राणार्पणाची तयारी हे सैनिकाचे ब्रीद खरे. पण कर्तव्य बजावून घरी परतणे यात उणेपणा कसला? हुतात्म्यांपुढे आपण नतमस्तक होतोच. गावातल्या निवृत्त जवानालाही त्याच्या हयातीतच ओळखावे, एवढेच आमचे मागणे आहे.