सावरणारे यंत्र, सावध सारथी

स्वीडनमधील अरण्यांतून जाणाऱ्या रस्त्यांवर एल्क नावाचे, सांबराच्या कुळातील अजस्र जनावर अचानक आडवे येते. त्याला चुकवण्यासाठी चालकाने स्टिअरिंग एकदा एका बाजूला व लगेच दुसऱ्या बाजूला फिरवले, तर गाडी तोल सांभाळते की नाही, हे तपासणारी एक चाचणी त्या देशात घेतली जाते. १९९७ सालच्या ऑक्टोबर महिन्यात एका मोटारविषयक नियतकालिकाने घेतलेल्या या चाचणीत मर्सिडीज-बेंझची ‘ए-क्लास’ ही नवी, छोटी कौटुंबिक गाडी ताशी साठ किलोमीटरच्या आसपासच्या वेगात उलटली. ज्या कंपनीचे नाव म्हणजे सुरक्षिततेची हमी असे मानले जाई, तिचीच गाडी उलटल्याने जगभर खळबळ उडाली.

कंपनीने आरंभी दोष मान्य केला नाही. पुढे मात्र तिने गाड्यांचे वितरण सुमारे बारा आठवडे थांबवले, सस्पेन्शनमध्ये सुधारणा केल्या आणि त्या गाडीत इलेक्ट्रॉनिक स्थिरता-नियंत्रण यंत्रणा सरसकट बसवली. ही यंत्रणा काही त्या प्रसंगी शोधून काढलेली नव्हती. बॉश या कंपनीच्या सहकार्याने ती १९९५ मध्येच तयार झाली होती; पण तिचा मान प्रथम महागड्या, आलिशान गाड्यांना मिळाला होता. सामान्य कुटुंबाच्या गाडीला ती मिळाली, ती लोकांसमोर फजिती झाल्यावर. जीव वाचवणारी गोष्ट आधी श्रीमंताला आणि मग, जमल्यास, सामान्याला, हा क्रम न्याय्य आहे काय, असा प्रश्न या घटनेतून उभा राहतो.

त्याचे उत्तर शोधण्यापूर्वी ही यंत्रणा काय करते, हे समजून घेतले पाहिजे. गाडीचा रस्त्याशी संबंध येतो तो चार टायरांच्या, प्रत्येकी तळहाताएवढ्या भागापुरताच. वळणावर गाडीला धरून ठेवण्याचे सारे काम हे चार तळवे करतात. त्यांची पकड सुटली की दोनांपैकी एक गोष्ट घडते. पुढची चाके घसरली, तर स्टिअरिंग फिरवूनही गाडी वळत नाही, सरळच जाते. मागची चाके घसरली, तर गाडीचा मागचा भाग फेकला जातो आणि गाडी स्वतःभोवती फिरू लागते. अशा क्षणी घाबरलेला चालक बहुधा जोराने ब्रेक दाबतो किंवा स्टिअरिंग वाजवीपेक्षा अधिक फिरवतो आणि संकट वाढवतो.

स्थिरता-नियंत्रण यंत्रणेत काही संवेदक असतात. एक स्टिअरिंग किती वळले आहे ते पाहतो, दुसरा गाडी प्रत्यक्षात किती वळत आहे ते मोजतो, तर प्रत्येक चाकाजवळचे संवेदक त्या चाकाची गती सांगतात. चालकाची इच्छा आणि गाडीची चाल यांत तफावत दिसताच यंत्रणा एखाद्याच चाकाचा ब्रेक लावते आणि गरजेनुसार इंजिनाचा जोरही कमी करते. गाडी वळत नसेल, तर मुख्यतः वळणाच्या आतील बाजूचे मागचे चाक रोखले जाते; मागचा भाग फेकला जात असेल, तर बाहेरील बाजूचे पुढचे चाक. चार चाकांना चार वेगवेगळे ब्रेक लावण्याचे हे काम कितीही कुशल चालकाला करता येणार नाही, कारण त्याच्या पायाखाली ब्रेकचा पट्टा एकच असतो.

या यंत्रणेचा उपयोग आकड्यांनीही सिद्ध झाला आहे. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने २००७ मध्ये तिच्या सक्तीचा नियम केला, तेव्हा दुसऱ्या वाहनाशी संबंध नसलेले, एकट्या गाडीचे अपघात तिच्यामुळे साध्या मोटारींमध्ये ३४ टक्क्यांनी आणि उंच एसयूव्ही गाड्यांमध्ये ५९ टक्क्यांनी कमी होतील, असा अंदाज वर्तवला होता. युरोपीय संघात २०१४ पासून प्रत्येक नव्या मोटारीत ती अनिवार्य झाली. उंच गाडीचा गुरुत्वमध्य वर असल्याने ती उलटण्याचा धोका अधिक, म्हणून तिला होणारा लाभही अधिक.

ही गोष्ट भारताच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. येथे उंच गाड्यांची आवड वाढत आहे. सुट्टीत किंवा लग्नसराईत त्याच गाडीत सारे कुटुंब बसते, सामान टपावरच्या कॅरियरवर चढते आणि घाटाची वळणे सुरू होतात. स्वीडनच्या रस्त्यावर एल्क आडवा येत असेल, तर येथे म्हैस, कुत्रा किंवा उलट दिशेने येणारी दुचाकी येते. चाचणीच्या मैदानात मुद्दाम घडवून आणलेला प्रसंग येथे वाटेत केव्हाही उभा राहू शकतो. २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. हे सारे मृत्यू गाडी घसरल्यामुळे झाले नाहीत, हे खरे. परंतु ज्या मृत्यूंवर उपाय ठाऊक आहे, ते तरी टाळले पाहिजेत.

या मागणीवर पहिला आक्षेप किमतीचा घेतला जातो. आधीच काटकसरीने गाडी घेणाऱ्या कुटुंबावर आणखी भार कशाला, असे विचारले जाते. आक्षेप प्रामाणिक आहे, पण अपुरा आहे. ब्रेक दाबताना चाके जखडू न देणारी एबीएस यंत्रणा भारतात २०१९ पासून नव्या मोटारींना सक्तीची झाली. चाकांची गती मोजणारे संवेदक त्या यंत्रणेत असतातच. स्थिरता-नियंत्रणाची इमारत त्याच पायावर उभी राहते. शिवाय कंपन्यांनी अनेक वर्षे ही यंत्रणा एकाच गाडीच्या महाग प्रकारात दिली आणि स्वस्त प्रकारातून वगळली. मोठा पडदा वा चामड्याची आसने यांना अधिक पैसे घेणे समजू शकते. मात्र तोल सांभाळणे ही चैनीची वस्तू नव्हे. २०२३ च्या ऑक्टोबरपासून अमलात आलेल्या ‘भारत एनकॅप’ या तारांकन-पद्धतीत चांगल्या श्रेणीसाठी या यंत्रणेचा आग्रह धरला गेला, हे स्वागतार्हच आहे. परंतु तारे पाहून गाडी निवडणारा ग्राहक सुजाण असतो; जो तारे पाहत नाही, त्याच्या मुलांचा जीवही तितकाच मोलाचा असतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. यंत्र सावरून घेईल या भरवशावर चालक बेफिकीर होईल, अशी भीती व्यक्त केली जाते. ती अनाठायी नाही. ऊस गोड लागला म्हणून तो मुळासकट खाऊ नये, ही म्हण येथे तंतोतंत लागू पडते. ही यंत्रणा टायरांची पकड निर्माण करत नाही; असलेली पकड योग्य रीतीने वापरते. टायर गुळगुळीत झाले असतील, त्यांत हवा कमी असेल, रस्त्यावर चिखल असेल, तर वाटून घेण्याजोगे फारसे काही उरतच नाही. वेग दुप्पट केला, की त्याच वळणावर गाडीला धरून ठेवण्यासाठी चौपट बल लागते. निसर्गाचा हा हिशेब कोणतेही यंत्र बदलू शकत नाही. टपावर चढवलेले ओझे गुरुत्वमध्य वर नेते, तेही यंत्राला खाली आणता येत नाही.

मात्र बेफिकिरीवरील उपाय यंत्र नाकारणे हा नसून चालकाला शिक्षण देणे हा आहे. गाडी घसरू लागली की समोरच्या फलकावर, मागे नागमोडी रेषा असलेल्या गाडीचे चित्र लुकलुकते. पुष्कळ चालकांना त्याचा अर्थ सांगितलेलाच नसतो. ‘या वेळी वाचलात, वेग कमी करा,’ असा तो इशारा असतो. वाहन चालवण्याचे शिक्षण देताना गिअर आणि क्लच यांबरोबर हा इशाराही शिकवला गेला पाहिजे.

शासनाने आणि उत्पादकांनी सर्वांत स्वस्त गाडीलाही ही यंत्रणा द्यावी; चालकाने टायर, ओझे आणि वेग यांचे भान राखावे. या दोन्ही जबाबदाऱ्या परस्परपूरक आहेत, एक दुसरीची जागा घेऊ शकत नाही. यंत्र क्षणभराची चूक सावरू शकते, सवयीची चूक नव्हे. त्या क्षणभराच्या चुकीसाठी मात्र कोणत्याही कुटुंबाला, केवळ त्याची गाडी स्वस्त होती म्हणून, प्राणांची किंमत मोजावी लागू नये.