वैरागडचा हिरा

आमच्या घरांत थोरल्या सुनेस ज्या हिऱ्याच्या कुड्या चढवितात, त्यांतील खडे वैरागडचे, अशी वडिलांपासून चालत आलेली समजूत. हें वैरागड पूर्वीच्या चांदा मुलखांतलें. १९८२ पासून तें गडचिरोली जिल्ह्यांत मोडतें. तेथील हिऱ्यांच्या खाणीचा उल्लेख अबुल फजलच्या 'ऐन-इ-अकबरी'त आहे. बृहत्संहितेंतील वेणातट म्हणजे वैनगंगेचाच कांठ, असेंहि कांहीं विद्वान् मानतात.

हिऱ्याचा भाऊबंद पाहावयास दूर जावयास नको. चंद्रपूरच्या कोळशांत मुख्यत्वें जो कार्बन, तोच हिऱ्यांत. फक्त वीण निराळी व घट्ट. म्हणून काठिण्यांत माणकास ९ अंक, तर हिऱ्यास १०. किंमत मात्र नुसत्या काठिण्याची नव्हे. पाणी, रंग, पैलू व वजन पाहतात. कॅरट म्हणजे अवघे २०० मिलिग्रॅम; पण मोठा निर्दोष खडा विरळा, म्हणून वजन दुप्पट झालें कीं मोल दुपटीहून अधिक चढतें.

उत्तम हिरा पाण्यावर तरतो, असें वराहमिहिर सांगतो. कुडींतला एक खडा निखळला, तेव्हां आम्हीं तो पाण्याच्या वाटींत टाकला. बुडाला! आम्हीं तत्काळ 'खोटा' म्हणून मोकळे झालों. सूनबाई दोन दिवस आमच्याशीं बोलल्या नाहींत. पुढें सराफानें भिंगाखालीं धरून खडा अस्सल ठरविला. हिरा पाण्याच्या साडेतीनपट जड; तो बुडणारच! वैरागडचा कीं कोठला, हें मात्र त्याला सांगतां येईना.

सूनबाईंनीं कुड्या पुन्हां घातल्या. ती वाटी हल्लीं आमच्या पोथ्यांशेजारीं असते. त्यांनींच ठेविली आहे.